निकाल फुकट, साक्ष विकत

फौजदारी खटल्यात आरोपीच्या हाती फुकट कागद पडतात ते दोनदा. खटला सुरू होण्याआधी आरोपपत्र आणि त्यासोबतचे जबाब, पंचनामे, डॉक्टरांचे दाखले. आणि खटला संपून शिक्षा झाली की निकालपत्र. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० प्रमाणे आरोपपत्राचा संच चौदा दिवसांच्या आत द्यावा लागतो. कलम ४०४ प्रमाणे कैदेची शिक्षा सुनावली की निकालाची प्रत लगेच, पैसे न घेता. या दोन कागदांच्या मधे जे घडलं ते मात्र दोन्हींत नसतं. साक्षीदार पिंजऱ्यात उभे राहिले, शपथेवर बोलले, उलटतपासणीत कोणी डगमगला, कोणी ठाम राहिला, एखादा फितूर झाला. खटला म्हणजे खरं तर एवढंच. पण त्याची नक्कल हवी असेल तर अर्ज करा आणि शुल्क भरा.

यातला उफराटा कारभार बघा. पोलिसांनी चौकीवर लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. तो जबाब एरवी पुरावा म्हणून चालत नाही. साक्षीदार कोर्टात वेगळं बोलला तर त्याला खोडून काढायला तेवढा उपयोगी पडतो. हा कागद आरोपीला फुकट. ज्या शब्दांवर त्याला सात वर्षं आत जावं लागलं, ते शब्द मात्र विकत.

कलम ४०४ च्या पाचव्या पोटकलमात म्हटलंय की निकालाची झळ पोचलेल्या कोणालाही ठरलेलं शुल्क भरून साक्षीची किंवा दप्तरातल्या दुसऱ्या कागदाची नक्कल मागता येते. खास कारण दिसलं तर न्यायालय ती फुकट देऊ शकतं. देऊ शकतं, दिलीच पाहिजे असं नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६३ मध्येही हेच होतं. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली तेव्हा या पोटकलमात एक भर पडली. सरकारी वकिलाने अर्ज केला तर निकाल, आदेश, साक्ष किंवा दप्तर यांची प्रमाणित प्रत सरकारला फुकट देता येईल! पन्नास वर्षांनी कलम उघडलं, नकलेचा खर्च कोणाला जड जातो याचा विचार झाला, आणि डोळ्यांपुढे आलं ते सरकार.

माझं म्हणणं असं आहे की गोव्यात ज्याला कैदेची शिक्षा होते त्याला निकालासोबत सगळ्या साक्षींची प्रत मिळाली पाहिजे. न मागता आणि फुकट. गरीब असल्याचा पुरावाही मागू नये. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतला माणूस त्याचं उत्पन्न न बघताच मोफत वकिलाला पात्र ठरतो. तिथे मामलेदाराचा दाखला लागत नाही, तर इथे कशाला?

निकालाची प्रतसुद्धा कैद्याच्या हातात सुखासुखी पडलेली नाही. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात आलेलं होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे प्रकरण मराठी वाचकाला जवळचं वाटावं असं आहे. सौराष्ट्र विद्यापीठातला एक प्रपाठक कर्नाटक विद्यापीठाच्या खोट्या पदव्या तयार करण्याच्या प्रयत्नात सापडला. सत्र न्यायालयाने त्याला कोर्ट उठेपर्यंतची कैद दिली, मुंबई उच्च न्यायालयाने १९७३ मध्ये ती वाढवून तीन वर्षं केली. दिल्लीला तो पोचला चार वर्षांनी. एवढा उशीर का, असं न्यायालयाने विचारलं. उच्च न्यायालयाने निकालाची फुकट प्रत येरवड्याच्या तुरुंगात पाठवली होती. अधीक्षकांचं म्हणणं, प्रत दिली होती, पण दयेच्या अर्जाला जोडायला परत घेतली. कैद्याचं म्हणणं, मिळालीच नाही. आणि पोच म्हणून कैद्याची सही कुठेही नव्हती.

न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तिथे जे आदेश दिले ते आजही प्रमाण मानले जातात. कैदेची शिक्षा देताना निकालाची प्रत ताबडतोब आणि फुकट द्यायची. तुरुंगामार्फत पाठवली तर कैद्याची लेखी पोच घ्यायची. अपील करायचं असेल तर तुरुंगाने सगळी सोय करायची, वकील परवडत नसेल तर तोही द्यायचा. प्रपाठकाचं स्वतःचं प्रकरण मात्र गुणावगुणावर टिकलं नाही. कृष्ण अय्यर निकालाच्या प्रतीपाशी थांबले कारण त्यांच्यापुढे प्रश्नच तेवढा होता. आपण अजून तिथेच थांबलो आहोत, याला मात्र असं काही कारण नाही.

अपिलाच्या अर्जाला कायद्याने जोडावा लागतो तो फक्त निकाल. तुरुंगातला माणूस अर्ज अधीक्षकाकडे देतो, अधीक्षक तो पुढे पाठवतो. शिक्षा सत्र न्यायालयाने दिली असेल तर अपील पर्वरीला, उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे; फाशी सोडून बाकी शिक्षांना मुदत साठ दिवसांची. नकलेसाठी लागलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून नकलेवर एक शिक्का असतो. अर्ज कधी केला, प्रत कधी तयार झाली, कधी दिली. मुरलेला वकील निकाल वाचायच्या आधी तो शिक्का बघतो.

मग अपिलाची कारणं लिहायला घ्यायची, आणि अडचण सुरू होते ती इथे. निकाल म्हणजे न्यायाधीशांना पुरावा जसा दिसला तसा. समजा, सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या गावात काजूच्या बागेच्या हद्दीवरून भांडण झालं, कोयता चालला आणि एकाला खुनाच्या प्रयत्नाबद्दल सात वर्षं झाली. निकालात एक वाक्य आहे: जखमीचा भाऊ प्रत्यक्षदर्शी असून उलटतपासणीत त्याची साक्ष डळमळलेली नाही. साक्षीच्या तिसऱ्या पानावर मात्र हाच भाऊ म्हणतो, मी घरात होतो, ओरडा ऐकून धावलो, पोचलो तेव्हा दादा पडलेला होता. म्हणजे वार होताना त्याने पाहिलाच नाही. हे पान ज्याच्या हातात आहे तो वकील अपिलात थेट लिहील, साक्षीदार तीन, पान तीन, ओळ अमुक. ज्याच्या हातात निव्वळ निकाल आहे तो काय लिहिणार? ‘खालच्या न्यायालयाने पुराव्याचं मूल्यमापन योग्य रीतीने केलेलं नाही.’ हे वाक्य हजारो अपिलांत सापडेल. त्यावर कोणत्या न्यायाधीशाचं लक्ष थबकेल?

आणि थबकणं गरजेचं असतं, कारण कलम ४२५ प्रमाणे वरच्या न्यायालयाला दम दिसला नाही तर अपील दारातूनच परत पाठवता येतं. त्याआधी खालचं दप्तर मागवण्याची मुभा न्यायालयाला आहे. सक्ती नाही, असं कलमातच लिहिलंय. तुरुंगातून आलेलं अपील फेटाळण्याआधी कैद्याला म्हणणं मांडू द्यावं, हेही तिथे आहे. पण ते अगदीच पोकळ वाटलं तर त्याचीही गरज नाही. साक्षींवाचून लिहिलेलं अपील पोकळ दिसणार नाही तर काय?

दुसरा दरवाजा शिक्षा स्थगित करून जामीन मिळवण्याचा. अपिलाचा निकाल लागायला वर्षं जातात, तोवर माणूस आत की बाहेर हे या एका अर्जावर ठरतं. कित्येकदा अपील सुनावणीला येईपर्यंत शिक्षा भोगून झालेली असते. मग निर्दोष सुटला तरी सुटतो तो कागदावर. या अर्जात वकिलाला दाखवावं लागतं की अपिलात सकृद्दर्शनी जीव आहे. पैसेवाल्या आरोपीच्या वकिलाने प्रत्येक साक्षीची प्रत त्या त्या वेळीच काढून ठेवलेली असते, समासात खुणा केलेल्या असतात. त्याचा अर्ज शिक्षेनंतर आठवड्याभरात पर्वरीला दाखल होतो. विधी सेवेचा वकील दप्तर यायची वाट बघतो. त्यातून मडगावला खटला लढवणारा वकील वेगळा, पर्वरीला अपील लढवणारा वेगळा. पहिल्याच्या कपाटातली फाईल दुसऱ्याच्या टेबलावर येईलच असं नाही. कैदी कोलवाळच्या तुरुंगात. त्याचं कुटुंब काणकोणला असेल तर मडगाव, पणजी, म्हापसा अशा बसगाड्या बदलत भेटीला यायचं, दिवसाची मजुरी बुडवायची, आणि वर नकलेसाठी कोर्टात खेपा घालायच्या.

साक्षीची नोंद होते कशी, हे न्यायालयात न गेलेल्यांना सहसा ठाऊक नसतं. सिनेमातल्यासारखा शब्द न् शब्द कोणी टिपत नाही. कायदा म्हणतो की साक्ष सर्वसाधारणपणे निवेदनाच्या रूपात लिहावी. गोव्यात साक्षीदार कोकणीत बोलतो, मराठीत बोलतो, बांधकामावरचा मजूर हिंदीत नाहीतर कन्नडमध्ये. न्यायाधीश ऐकतात, मनात जुळवतात आणि इंग्रजीत सांगतात. टंकलेखक ते उतरवून घेतो. प्रश्न गळून पडतो, उत्तराचं वाक्य होतं. ‘दिवा होता का?’ ‘होता वाटतं, पण लांब.’ यातून कागदावर ‘घटनास्थळी दिव्याचा उजेड होता’ एवढंच उरू शकतं. न्यायाधीश मुद्दाम करतात असं नाही. दिवसाला अनेक साक्षी आणि चार भाषा असल्या की असं होणारच.

ही चूक कोणाच्या लक्षात येईल? न्यायाधीशांच्या नाही, त्यांनीच ती सांगितली. सरकारी वकिलाला ती सोयीची. बचावाचा वकील पुढचा प्रश्न जुळवत असतो. नोंद साक्षीदाराला वाचून दाखवतात, पण तो कधी एकदा बाहेर पडतो या विवंचनेत असतो. राहिला आरोपी. घटनेच्या रात्री तो तिथे होता किंवा नव्हता, साक्षीदाराला ओळखत होता, त्याचा प्रत्येक शब्द त्याने कान टवकारून ऐकला होता. नोंद तपासायला त्याच्याइतका जागरूक माणूस सबंध कोर्टात नाही, आणि नेमकी त्यालाच ती वाचायला मिळत नाही. मिळाली तरी ती इंग्रजीत. साक्षीदाराची भाषा आरोपीला समजत नसेल तर दुभाष्या द्यावा, अशी तरतूद आहे. निकालाचं भाषांतर शक्य असेल तर आरोपीच्या भाषेत मागता येतं. पण साक्षीदार आरोपीच्याच भाषेत बोलला आणि कागद मात्र त्याला न समजणाऱ्या भाषेत उमटला, तर काय करायचं यावर संहिता गप्प आहे. पेडण्यातला, डिचोलीतला, सत्तरीतला माणूस गावच्या सरकारी मराठी शाळेत शिकलेला असतो. वर्तमानपत्र तो रोज वाचतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीबरोबर मराठीलाही सरकारी कामकाजात जागा दिली आहे. कोर्टाच्या दारात मात्र ती जागा संपते.

सर्वोच्च न्यायालयाला हे दिसलेलं नाही असं नाही. एप्रिल २०२१ मध्ये फौजदारी खटल्यांतल्या त्रुटींबद्दल स्वतःहून चालवलेल्या प्रकरणात त्याने नियमांचा एक नमुना मंजूर केला आणि सगळ्या उच्च न्यायालयांना सहा महिन्यांत तो आपापल्या नियमांत आणायला सांगितलं. त्यात लिहिलंय की साक्ष नोंदवली त्याच दिवशी तिची सही केलेली प्रत आरोपीला किंवा त्याच्या वकिलाला, साक्षीदाराला आणि सरकारी वकिलाला फुकट द्यावी, पोच घेऊन. मला या चार ओळी त्या सगळ्या नमुन्यात मोलाच्या वाटतात. त्या अक्षरशः पाळल्या तर नोंदीतली चूक दुसऱ्या दिवशीच पकडता येईल, साक्षीदार जवळपास असताना, न्यायाधीशांना आठवत असताना. पण ‘आरोपीला किंवा त्याच्या वकिलाला’ यातला ‘किंवा’ नडतो. वकिलाला दिली की नियम पाळला गेला, आणि ती प्रत कोलवाळपर्यंत पोचली की नाही हे बघणं कोणाचंच काम उरत नाही. येरवड्यात झालं तेच. म्हणून शिक्षेच्या दिवशी पूर्ण संच कैद्याच्या हातात, त्याची सही घेऊन, हा वेगळा नियम हवा.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न १९५६ साली सोडवला. शिकागोत सशस्त्र दरोड्याबद्दल शिक्षा झालेल्या ग्रिफिन आणि क्रेनशॉ या दोघांनी अपिलासाठी खटल्याची शब्दशः नोंद फुकट मागितली, कारण पैसे नव्हते. इलिनॉय राज्य ती फुकट द्यायचं फक्त मृत्युदंड झालेल्यांना. राज्याचा बचाव असा की अपिलाची सोय देणंच मुळात घटनेने बंधनकारक नाही, मग त्यातल्या खर्चाची तक्रार कसली? न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी उत्तर दिलं की सोय एकदा दिली की ती गरिबीवरून नाकारता येत नाही; माणसाला खटला कसा मिळतो हे त्याच्याकडच्या पैशावर ठरत असेल तर समान न्याय असूच शकत नाही. निकाल पाच विरुद्ध चार असा निसटता होता. १९७१ मध्ये त्याच न्यायालयाने ही सवलत नुसता दंड झालेल्या किरकोळ गुन्ह्यांपर्यंत नेली.

आपली परिस्थिती खरं तर सोपी आहे. तिथे शब्दशः नोंद करणारा लघुलेखक पानामागे मोबदला घेत असे, म्हणून फुकट देणं म्हणजे सरकारच्या खिशातून रोकडा खर्च. आपल्याकडे टंकलेखक पगारी सरकारी नोकर, साक्ष संगणकावर टंकलेली. खर्च कागदाचा आणि शाईचा. आणि ठरवलं तर काय होऊ शकतं हेही आपण पाहिलं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेनेच्या फुटीवर आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे सुनावणी चालू असताना वकिलांच्या युक्तिवादाचा शब्द न् शब्द संगणकाने टिपून संकेतस्थळावर टाकायला सुरुवात झाली. नामांकित वकील काय बोलले ते कोणीही घरबसल्या फुकट वाचावं, आणि जखमीचा भाऊ काय बोलला ते शिक्षा भोगणाऱ्याला पैसे भरून मिळावं!

ग्रिफिनच्या निकालात एक पळवाटही आहे, आणि आपल्याकडचे आक्षेप घेणारे तिथूनच येतात. पूर्ण नोंदच द्यावी असं नाही, तितकाच पुरेसा दुसरा मार्ग चालेल, असं ब्लॅक म्हणतात. मग आपल्याकडे अपील दाखल करून घेतलं की सगळं दप्तर पर्वरीला जातंच, न्यायमूर्ती ते वाचतातच, वेगळी प्रत कशाला? हा आक्षेप पोकळ नाही. वकील गैरहजर राहिला म्हणून अपील काढून टाकता येत नाही, दप्तर बघूनच निकाल द्यावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बानी सिंग प्रकरणात सांगितलंय. अंतिम सुनावणीपुरता हा मार्ग पुरेसा मानता येईल. पण दप्तर येतं ते अपील आत घेतल्यावर. आत घ्यायचं की नाही आणि तोवर जामीन द्यायचा की नाही, हे दोन्ही निर्णय सहसा त्याआधीचे असतात.

शिवाय दप्तर हरवतं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने एका जुन्या लाचेच्या प्रकरणात खालच्या न्यायालयाचं दप्तर सापडत नसतानाही शिक्षा कायम केली होती. २०२३ मध्ये जितेंद्र कुमार रोडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, दप्तराशिवाय शिक्षा कायम करता येत नाही म्हणून. कैद्याकडे आणि त्याच्या वकिलाकडे एकेक संच असता तर दप्तर पुन्हा उभं करता आलं असतं. ही प्रत सरकार पक्षाच्याही कामाची आहे ती अशी.

एक आक्षेप मात्र मला खरोखर अडवतो. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत पीडितेची, कित्येकदा लहान मुलीची साक्ष तुरुंगाच्या बराकीत हातोहात फिरेल. ओळख उघड करणं गुन्हा आहे, पण बराकीत त्याचा धाक किती? अशा खटल्यांत नाव-गाव झाकलेला संच वकिलाकडे राहावा आणि कैद्याला तो तुरुंगातल्या विधी सेवा केंद्रात बसून वाचू द्यावा. हक्क थोडा अवघड होतो, पण राहतो. या एका प्रकारासाठी बाकीच्या सगळ्यांची अडवणूक करायचं कारण नाही.

गोव्यासारख्या छोट्या राज्याला हे जड नाही. उच्च न्यायालयाने आपल्या नियमांत दुरुस्ती करावी: शिक्षेच्या दिवशी निकाल आणि साक्षी एकत्र, तुरुंगात सहीची नोंदवही, आणि मागणी असेल तर देवनागरीत मराठी किंवा कोकणी भाषांतर. यंत्राने केलेलं भाषांतर माणसाने तपासून दिलं तरी चालेल. सर्वोच्च न्यायालय आपल्या निकालांसाठी ‘सुवास’ हे साधन मराठीतही वापरतंच. अपिलाची मुदत भाषांतरासाठी थांबवू नये, नाहीतर भाषांतर हेच विलंबाचं नवं निमित्त होईल.

नियम येईपर्यंत विधी सेवेच्या वकिलांना एक गोष्ट आजच करता येण्यासारखी आहे. शिक्षा सुनावली त्याच दुपारी, आरोपीला तुरुंगाच्या गाडीत बसवायच्या आधी, कलम ४०४ च्या पाचव्या पोटकलमाखाली साक्षींच्या फुकट नकलांचा लेखी अर्ज द्यावा. खास कारण म्हणून दोनच गोष्टी लिहाव्यात: आरोपी कोठडीत आहे आणि त्याला मोफत वकील दिलेला आहे. अर्ज मंजूर झाला तर उत्तम. नामंजूर झाला तर तोंडी नकारावर परतू नये. आदेश लेखी मागावा, त्याची नक्कल काढावी आणि ती घेऊन पर्वरीला जावं.